जोडीजोडीने आलेली इंग्रजी

राज्यातील मराठी शाळांत २००० सालच्या जूनपासून पहिलीच्या वर्गाला इंग्रजी विषय सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षीच्या मुलांपैकी मी एक. तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या या निर्णयावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. माझ्या घरी तर इंग्रजीचा गंधही नव्हता, आणि तरीही त्या भाषेची भीती मला कधी वाटली नाही, याचे सारे श्रेय आमच्या बाईंचे आहे.

सुरुवातीला बाईंनी आम्हांला बोलायला लावलेच नाही. ‘स्टँड अप’, ‘टच युवर नोज’, ‘ओपन द विंडो’ असे म्हणत त्या स्वतः करून दाखवत आणि आम्ही तसे करत असू. ऐकून कृती करण्याची ही पद्धत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात मांडली, हे मला डी.एड.ला गेल्यावर समजले.

चौथीतला चित्रांचा खेळ मात्र मला आजही जसाच्या तसा आठवतो. बाई दोघादोघांना पाठीला पाठ लावून बसवत आणि प्रत्येकाच्या हाती बाजाराचे एकेक चित्र देत. चित्रे वरवर सारखीच, पण एकात छत्री उघडी तर दुसऱ्यात मिटलेली, एकात तीन आंबे तर दुसऱ्यात पाच. दुसऱ्याचे चित्र न बघता, केवळ प्रश्न विचारून फरक शोधायचे. समोर दिसणाऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवून ‘धिस इज अ बुक’ म्हणण्यात कोणाला काही कळवायचे नसते. इथे जोडीदाराला ठाऊक असलेले मला ठाऊक नसे, म्हणून ‘हाउ मेनी मँगोज?’ हा प्रश्न अगदी मनापासून विचारला जाई. कोणी ‘ही गो मार्केट’ म्हणाले, तरी बाई त्याला अडवत नसत. ‘ओ, ही वेंट टू द मार्केट? व्हॉट डिड ही बाय?’ असे म्हणून त्या बोलणे पुढे नेत, आणि बरेचदा तेच मूल पुढच्या खेपेला ते वाक्य नीट बोलून जाई.

गोंगाट व्हायचा, शेजारच्या वर्गातून निरोपही यायचे. पण ६० मुलांच्या वर्गात ३५ मिनिटांच्या तासाला एकेकाला उभे केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धे मिनिट येते. जोड्या केल्या की एका वेळी ३० मुले बोलत असतात. मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि पालकांना हाच हिशेब मांडून दाखवतो. सर्वांनी एका सुरात म्हणण्याला माझा विरोध नाही, उच्चार आणि लय त्यातून चांगली बसते. तरीही तासाचा निम्मा वेळ जोड्यांना मिळावा, अशी मी जिथे शिकलो त्या आपल्या शाळेतील आजच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे.