वर्तुळ बंद होईना

लेझर कटरवरचा जॉब लाकडी बिल्ल्यांचा होता. 3 मिलिमीटर जाडीचं प्लायवूड, 50 मिलिमीटर व्यासाची वर्तुळं. आधी नाव कोरायचं, मग कडेने कापायचं. पहिलाच बिल्ला पाहिला आणि पोटात गोळा आला. काप जिथून सुरू झाला तिथे परत आलाच नव्हता. दोन टोकांमध्ये पायरी राहिली होती, आणि नावाच्या अक्षरांच्या कडा दातेरी.

मी आधी आकड्यांना हात घातला, आणि दुपार त्यातच गेली. 100 मिलिमीटरची आडवी रेघ मारली, कॅलिपरने मोजली, 99.2 भरली. म्हणून सेटिंगमध्ये एक्स (आडव्या) अक्षाच्या स्टेप्स, म्हणजे एका मिलिमीटरसाठी मोटर किती पावलं टाकते तो आकडा, 80 वरून 80.645 केल्या. रेघ बरोबर 100 आली, जीव भांड्यात पडला. खात्रीसाठी 200 ची मारली तर 200.8!

आकडा परत 80 केला आणि 50, 100, 200 अशा तीन रेघा मारल्या. तिन्हींत खोट 0.8 चीच. स्टेप्स चुकल्या असत्या तर लांबीबरोबर चूकही वाढली असती.

मग रेघांकडे नीट पाहिलं. प्रत्येकीच्या सुरुवातीला एक काळा ठिपका होता. बाकी रेघ बदामी, तेवढं टोक कोळशासारखं. म्हणजे लेझर पेटल्यावरही तो वाहून नेणारं हेड क्षणभर जागीच उभं राहत होतं. मोटर फिरत होती, हेड हलत नव्हतं.

एकाच जागी दोन उभ्या रेघा मारल्या, एकदा हेड डावीकडून आणून, एकदा उजवीकडून. दोन्हींत 0.8 चं अंतर. दहा वेळा तेच केलं, तरी रेघा पुढे सरकल्या नाहीत. मोटर स्टेप गाळत असती तर चूक साचत गेली असती. ही निव्वळ ढिलाई होती, दिशा बदलली की जाणवणारी.

हेड ओढणारा बेल्ट ताठ होता. मशीनचा प्लग काढला आणि मोटरच्या शाफ्टच्या टोकावरून पुलीवर, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, मार्करने एक बारीक रेघ ओढली. हेड हाताने डावी-उजवीकडे ढकललं. रेघ शाफ्टच्या कडेशी केसभर तुटली, पुन्हा जुळली, पुन्हा तुटली. 20 दातांची पुली, दातांत 2 मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात 40 मिलिमीटर, त्यात 0.8 म्हणजे जेमतेम 7 अंश. हाताला ते कळलंच नसतं. त्या तुटक्या रेघेकडे पाहताना झालेला आनंद मला अजून आठवतो.

पुलीला शाफ्टवर धरून ठेवणारा छोटा ग्रब स्क्रू सैल झाला होता. तो पूर्ण काढला, शाफ्टची सपाट बाजू बरोबर त्याच्यासमोर आणली, थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावला आणि ॲलन कीने आवळला. थ्रेडलॉक घट्ट होऊ दिलं. सेटिंगला हातही लावला नाही.

मग गॉगल चढवून तीच फाईल पुन्हा लावली. अक्षरांच्या कडा साफ आल्या. काप संपल्यावर शीट उचलली, तर बिल्ला जाळीवरच राहिला.