पाम मुन्ना?

दक्षिण कोरियातल्या उल्सानच्या एका कारखान्यात मोटारींचे सुटे भाग बनतात. तिथे मी सहा महिने वेल्डिंगच्या रोबोंवर कामाला होतो. जाण्याआधी पुण्यात कोरियनचा क्लास केला होता, त्यामुळे ‘मॉक्ता’, म्हणजे खाणे, जेवणे, हे क्रियापद पाठ होतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या दिवशी सकाळीच एका रोबोचं वेल्ड सरकायला लागलं आणि लाइन थांबली. आमचे पानजांगनिम, म्हणजे लाइनचे मुकादम, साठीला टेकलेले. (‘निम’ हे आपल्या ‘राव’सारखं, आदराचं.) साडेबाराला त्यांनी मान वर करून मला विचारलं, “पाम मुन्ना?”

मला काही कळेना. शेजारच्या तरुण सहकाऱ्याने सांगितलं, जेवलास का विचारताहेत. ‘पाप’ म्हणजे भात, आणि जेवणही. पुढच्या ‘म’मुळे त्याचं ‘पाम’ होतं. आणि ‘मॉगॉन्ना’, म्हणजे ‘जेवलास का’, हे इथल्या ग्योंगसांग भागातल्या बोलीत आखडून ‘मुन्ना’ होतं. पानजांगनिमनी मला हाताने कँटीनकडे पिटाळलं.

दीडला परत आलो तर ते तिथेच, रोबोच्या पायाशी उकिडवे. मला वाईट वाटलं. मनापासून विचारलं, “पानजांगनिम, पाम मॉगॉस्सॉयो?”

आजूबाजूचे दोघे-तिघे एकदम गप्प झाले. पानजांगनिमनी नुसती मान हलवली, अजून नाही. सहकाऱ्याने मला बाजूला नेलं आणि चेकशीटच्या मागे लिहून दाखवलं. शेवटचा ‘यो’ ऐकणाऱ्याचा मान राखतो. पण जेवणारा माणूस वडीलधारा असेल तर क्रियापदच बदलायचं: ‘मॉक्ता’ नाही, ‘तुशिदा’. आजी-आजोबांसाठी त्याहून जुनं, ‘चाप्सुशिदा’. मुकादमांना विचारायला सगळ्यांत बरं, “शिक्सा हाश्यॉस्सॉयो?” त्यातला ‘श्यॉ’ म्हणजे आदराचा ‘शि’ भूतकाळात मिसळलेला. आणि हा ‘शि’ स्वतःला कधीच लावायचा नाही.

दुपारभर हातात रोबोची वेल्डिंग टॉर्च आणि डोक्यात हेच. आपल्याकडे ‘आजोबा जेवले’ म्हणताना ते समोर नसले तरी त्यांचा मान राहतो. कोरियनमधला ‘शि’ तोच. आणि ‘यो’? तो मला ‘जेवलात का हो?’मधल्या ‘हो’च्या जवळचा वाटला. मी ‘हो’ लावला होता, पण म्हटलं होतं ‘जेवलास का हो?’ साताऱ्याला आमच्या आजोबांना असं विचारायची माझी छाती झाली नसती.

टॉर्चला जाणारी केबल आतून तुटत आली होती, ते चारनंतर सापडलं. ती बदलून, पुन्हा जुळवणी करून लाइन सुरू व्हायला सात वाजले. हात धुऊन मी त्यांच्यापाशी गेलो.

“पानजांगनिम, शिक्सा हाश्यॉस्सॉयो?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आजिक.” अजून नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते फाटकाबाहेरच्या कुकपापच्या दुकानाकडे निघाले.

डुकराच्या मटणाच्या पांढरट रश्श्यात भात, वर कांद्याची पात. त्यांनी चमचा उचलेपर्यंत सहकारी आणि मी थांबलो. त्यांनी माझ्या वाटीकडे बोट केलं. “माई मुरा.” पोटभर जेव.

सहकारी माझ्याकडे बघत होता. मी माझ्यासाठी साधंच क्रियापद घेतलं आणि शेवट आदराचा केला:

“चाल मॉक्केस्सुम्निदा.” छान जेवतो.