एवढा घोडा झाला तरी

माझं मत आधीच सांगून टाकते. हॅलोविनच्या, म्हणजे मुलं वेश करून घरोघर खाऊ मागत फिरतात त्या अमेरिकन सणाच्या, संध्याकाळी दारात जो येईल, पाच वर्षांचा असो की सोळा वर्षांचा, त्याला कँडी द्यायची. वय विचारायचं नाही. 'तू जरा मोठा नाहीस का यासाठी?' असं तर मुळीच म्हणायचं नाही.

आमच्या गल्लीत सध्या यावरून दोन तट पडलेत. आम्ही राहतो आयोवात, डि मॉइन शहराच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात. समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. अतिशय चांगली बाई, बर्फ पडला की आमच्या आधी आमचाच फुटपाथ साफ करून टाकतात. त्यांचं म्हणणं असं की बारा वर्षांची मर्यादा घालावी. मोठी मुलं येतात ती हुडी घालून, ना वेश ना काही. हातात उशीचा अभ्रा. तोंडातून शब्द न काढता तो अभ्रा पुढे करतात, आणि मागे उभी असलेली चिमुरडी घाबरून मागेच राहतात. हे मीही पाहिलंय, त्यात खोटं काही नाही. तिकडे सांगलीहून व्हिडिओ कॉलवर सासूबाईंचं वेगळंच सुरू असतं: "अगं, एवढा घोडा झालाय तो. अजून लोकांच्या दारात काय मागत फिरतोय?"

घोडा म्हणजे आमचा ईशान. आठवीत आहे. गेल्या वर्षभरात असा काही ताडमाड वाढला की बापाच्या खांद्याला खांदा लागतो. आवाज फुटलाय, ओठावर मिसरूड दिसायला लागलीय. आणि हाच मुलगा गेल्या वर्षी ऑगस्टपासून गॅरेजमध्ये एका फ्रिजच्या खोक्याला हिरवा रंग देत बसला होता. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून मक्याच्या शेतातलं हार्वेस्टर बनवत होते. चौघांनी आत उभं राहून ते अंगावर घेऊन चालायचं अशी योजना. चाकं खरी फिरणारी हवीत की नुसती चिकटवलेली चालतील, यावर त्या चार घोगऱ्या आवाजांत जी भांडणं व्हायची ती मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. एकाने पुढच्या दात्यांसाठी पिवळे पूल नूडल्स (पोहताना धरायच्या फोमच्या लांब नळ्या) कापून आणले, दुसऱ्याने आईच्या मागे लागून एलईडीची माळ मिळवली. त्या तीन महिन्यांत गॅरेजमध्ये कुणाच्या हातात फोन दिसला नाही. ही मुलं अजून खेळतात हे बघून मला किती बरं वाटलं, ते तेरा-चौदा वर्षांची मुलं घरात असलेल्यांनाच कळेल.

आता आमच्या शहराची एक गंमत. इथे ट्रिक-ऑर-ट्रीट, म्हणजे हे घरोघर कँडी मागत फिरणं, पिढ्यान्‌पिढ्या ३१ ऑक्टोबरला नाही, आदल्या दिवशी, ३० तारखेला होत आलं. नाव 'बेगर्स नाइट', वेळ संध्याकाळी सहा ते आठ. (२०२४ साली खराब हवामानाच्या इशाऱ्यामुळे ते डि मॉइनमध्ये ३१ ला ढकललं, तर लोकांना गणपती एक दिवस उशिरा बसवल्यासारखं झालं.) आणि इथे नुसतं 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणून चालत नाही. विनोद सांगावा लागतो. मूल पायरीवर येतं, घरातला माणूस विचारतो, "जोक आणलायस का?" आणि ते मूल घोकून आणलेलं कोडं घालतं. सांगाडा नाचायला का गेला नाही? कारण त्याच्याबरोबर जायला 'नो बॉडी'! हा जोक एका संध्याकाळीच इतक्यांदा ऐकू येतो, आणि दर वेळी हसावं लागतं, कारण सांगणारा आपल्या तोंडाकडे टक लावून बघत असतो.

ही प्रथा पडली कुणामुळे? मोठ्या मुलांमुळेच. तीसच्या दशकात अमेरिकेत हॅलोविन म्हणजे टारगट पोरांची रात्र होती. फाटकं उचलून नेणं, खिडक्यांवर साबण फासणं, काचा फोडणं, दिवे फोडणं. डि मॉइनमध्ये १९३८ च्या सुमारास हा उच्छाद इतका वाढला की शहराच्या क्रीडांगण विभागाने पुढाकार घेतला: मुलांनी आदल्या संध्याकाळी घरोघर जावं, पण खाऊ फुकट मिळणार नाही. गाणं, कविता, कसरत, काहीतरी करून दाखवावं आणि खाऊ मिळवावा. मिनेसोटातल्या अनोका गावाची गोष्ट त्याच्याही आधीची. तिथल्या पोरांनी हॅलोविनच्या रात्री गाई सोडून दिल्या आणि सकाळी गावाच्या मुख्य रस्त्यावर गुरं फिरताना दिसली. गावकऱ्यांनी काय करावं? १९२० साली मोठी मिरवणूक काढायला सुरुवात केली, पोरांना पॉपकॉर्न, कँडी वाटली. ती मिरवणूक आजही निघते.

म्हणजे कँडीची परडी घेऊन दारात उभं राहायचं हे ठरलंच मुळी या अडनिड्या वयाच्या पोरांसाठी. त्यांना रस्त्यावरून दारात आणायचं, दारात नाव-गाव कळतं, चेहरा दिसतो, दोन शब्द बोलणं होतं. आणि आता नव्वद-शंभर वर्षांनी आपण त्यांनाच म्हणणार, की तुम्ही यायचं नाही?

काही गावांनी तर कायदाच केला. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात बारा वर्षांवरच्या मुलाने ट्रिक-ऑर-ट्रीट केलं तर तो गुन्हा होता, आणि कागदावर चक्क तुरुंगवासाची तरतूद होती. २०१८ साली त्याची देशभर चर्चा झाली, तेव्हा २०१९ मध्ये त्यांनी तुरुंगाची भाषा काढली आणि वयाची मर्यादा चौदावर नेली. कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या बॅथर्स्ट गावात चौदाची मर्यादा होती, ती २०१७ मध्ये सोळा केली. दंड दोनशे डॉलरपर्यंत. चेसापीकच्या पोलिसांनीही सांगितलं होतं, की आम्ही वय बघून कुणाला पकडत नाही, धुडगूस घालणाऱ्यांकडे लक्ष देतो. मग धुडगुसाविरुद्ध नियम करा ना. तो चाळिशीतल्या माणसालाही लागू होईल.

वय दारात ओळखणार कसं, हाही प्रश्न आहेच. आमच्या ओळखीतली एक मुलगी सतरा वर्षांची आहे, समज सहा-सात वर्षांच्या मुलीएवढी. तिला हॅलोविनचा सगळ्यात जास्त आनंद. तिच्या आईने प्रत्येक पायरीवर मुलीच्या आजाराची माहिती द्यायची का? आणि डि मॉइनमध्ये तर बाहेरून आलेली माणसं कमी नाहीत. १९७५ साली गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी आग्नेय आशियातल्या ताई डाम निर्वासितांना इथे आणून वसवलं, पुढे बोस्नियातून आले, म्यानमारमधून आले. त्यांच्या घरातली मुलं कित्येकदा पंधराव्या वर्षी पहिलं हॅलोविन बघतात.

मागे आमच्या दारात अशीच एक मुलगी आली होती. असेल पंधरा-सोळाची. बरोबर दोन धाकटे भाऊ, एक स्पायडरमॅन, एक कसलातरी वाघ. दोघांनी आपापले जोक सांगितले, कँडी घेतली. ती मागे उभी, अंगात शाळेचं जॅकेट, हात खिशात. मी म्हटलं, "आणि तुझा जोक?" ती एकदम गांगरली. म्हणाली, "मी फक्त यांना घेऊन आलेय." मी परडी तिच्यापुढे तशीच धरून उभी राहिले. तिने भावाच्या कानात काहीतरी विचारलं, त्याने तिच्या कानात सांगितलं, आणि मग तिने तो सांगाड्याचा जोक सांगितला, शेवटचा शब्द चुकवून. धाकटा पायरीवर लोळून हसला. तीही हसली. किटकॅट उचलताना तिने माझ्याकडे दोनदा बघितलं, घेऊ ना खरंच, अशा नजरेने. पाच मिनिटांनी ती तिघं शेजारच्या पायरीवर दिसली आणि या वेळी ती सगळ्यात पुढे होती.

मला अशा वेळी आमचा हादगा आठवतो. सांगलीला आम्ही हादगाच म्हणायचो, भोंडला म्हणायचे ते पुण्याचे लोक. ऑक्टोबरचेच दिवस. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, आणि रोज वेगवेगळ्या घरी. शेवटी खिरापत ओळखायची. डबा झाकलेला, घरची मुलगी तो कानाशी नेऊन खुळखुळवून दाखवायची, आम्ही ओरडायचो: गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? ओळखल्याशिवाय डबा उघडत नसे. त्या फेरात पहिलीतल्या पोरी असत आणि कॉलेजात जाणाऱ्या ताया पण असत. गाणी सगळी पाठ असायची ती तायांनाच. आम्हाला दोन ओळी यायच्या, पुढचं त्या सांगायच्या. वाड्यात कुणी त्यांना 'आता मोठ्या झालात, घरी बसा' म्हटलं असतं तर आमच्यापर्यंत ती गाणी पोचलीच नसती. दसऱ्याला सोनं द्यायला तर सत्तरीतले आजोबासुद्धा दारोदार जायचे. सासूबाईंना मी हेच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "पण सोनं आपण देतो, मागत नाही." मी म्हटलं, तोही जोक देतोच की. पटलं नाही त्यांना अजून.

हे सगळं बोलताना माझ्या पोटात एक भीती असते, तीही लिहायला हवी. ईशान उंच आहे, सावळा आहे, अंधारात अनोळखी दारापुढे उभा राहतो. १७ ऑक्टोबर १९९२ ला लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये योशिहिरो हातोरी नावाचा सोळा वर्षांचा जपानी मुलगा, शिकायला एका कुटुंबात राहायला आलेला, हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराची घंटा वाजवली. घरमालकाने त्याला गोळी घातली. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या माणसाला निर्दोष सोडलं. हातोरीच्या आईवडिलांनी बंदुकांवर निर्बंध आणा म्हणून लाखो सह्या गोळा केल्या. सोळा वर्षांचं पोर, सणाचे कपडे घातलेलं. मी त्याचा फोटो जास्त वेळ बघू शकत नाही.

म्हणून आमच्या घरी नियम आहेत आणि ते ईशानला पाठ आहेत. पोर्चचा दिवा लागलेला असेल तिथेच जायचं. दिवा बंद म्हणजे 'येऊ नका', हे इथे सगळ्यांनाच ठाऊक असतं. एकट्याने जायचं नाही. चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा नाही. हातात तलवार-बंदूक, खोटीसुद्धा, नाही. आठ वाजले की घरी. आणि ही भीती मला घरोघर हिंडायच्या विरुद्ध नेत नाही, उलट जवळ आणते. गल्लीतल्या लोकांनी या मुलाला चौथीत समुद्री चाचा म्हणून पाहिलंय, सहावीत मक्याचं कणीस म्हणून पाहिलंय. आता तो मोठा दिसायला लागला तर त्यांनी तेही पाहावं. समोरच्या बाईंना त्याचं नाव माहीत आहे, आवाज माहीत आहे. तो सतरा वर्षांचा झाल्यावर रात्री गल्लीतून चालत येईल तेव्हा खिडकीतून बघणाऱ्याला 'हा ईशान' असं कळावं, एवढंच मला हवंय.

मोठी मुलं रस्त्यावर असली की लहानांना जपतातही. १९७५ ते २०१६ या वर्षांच्या अपघातांचा एक अभ्यास आहे, त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका एरवीपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि सगळ्यात जास्त फटका चार ते आठ वर्षांच्या मुलांना. आमचं हार्वेस्टर म्हणूनच मला फार आवडलं. रस्ता ओलांडताना चौघांची ती एलईडीची माळ लांबून दिसायची, आणि गल्लीतली सगळी छोटी पिलं त्याच्यामागे रांगेत चालत होती. पुढचा उजवा मुलगा हात वर करून गाड्या थांबवायचा. कुणी शिकवलं नव्हतं.

समोरच्या बाईंशी माझं सविस्तर बोलणं झालं. त्यांचा खरा राग वयावर नाही, न बोलता अभ्रा पुढे करण्यावर आहे, असं मला वाटतं, आणि त्यावर आपल्या शहरात उपाय आहेच. वेश नसला तरी चालेल, जोक पाहिजे. हुडीतला मुलगा आला की मी त्याला विचारते, आणि तो आधी डोळे फिरवतो, मग मित्राकडे बघतो, मग काहीतरी सांगतोच. आठवत नसेल तर मी सांगते आणि त्याने हसायचं. मागच्या वर्षी एकाने मला उलट विचारलं, "तुमच्या भाषेत जोक असतात का?" मी बंड्या आणि मास्तरांचा सांगितला. भाषांतरात बराच सांडला, पण पोरं थांबून ऐकत होती.

यंदासाठी शेंगदाण्याचं काही न आणता वेगळी परडी भरणार आहे, कारण अ‍ॅलर्जीवाली मुलं मोठीही असतात. मोठ्यांसाठी चॉकलेटचे पूर्ण आकाराचे बार थोडे आणून ठेवणार. ईशानचं खोकं नव्याने रंगवायचं चाललंय, या वेळी धान्याचं कोठार करायचं ठरतंय, आणि मित्रांपैकी एकाचं घर बदललंय तर चौथा गडी शोधायचाय. त्याने समोरच्या बाईंच्या नातवाला विचारलंय. तो बारा वर्षांचा आहे.