३६ विरुद्ध ३१

अमेरिकी कॉलेज फुटबॉलचे गुणतक्ते आम्ही पुण्यातून तपासतो. मैदानावरून निकाल येतात, संगणक क्रम लावतो आणि तो क्रम कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठ संघांच्या साखळी गटाच्या, लेखी नियमांत बसतो का, हे माणसाने कागद-पेन घेऊन बघायचं. ३० नोव्हेंबर २०२४ च्या शनिवारी, म्हणजे आपल्याकडच्या रविवारी, बिग १२ या कॉन्फरन्सचा तक्ता आला आणि तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

नाव बिग १२ असलं तरी संघ १६, आणि प्रत्येकाचे कॉन्फरन्समधले सामने ९. म्हणजे सहा संघांशी गाठच पडत नाही. त्या दिवसअखेर अ‍ॅरिझोना स्टेट, आयोवा स्टेट, बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) आणि कोलोरॅडो असे चौघे ७-२ वर आले, म्हणजे सात विजय, दोन पराभव. अंतिम सामन्यात जागा दोन.

चौघांपैकी प्रत्येक जण इतर तिघांशी खेळलेला नाही, त्यामुळे आपसातले निकाल बाद. मग चौघांचे सामाईक प्रतिस्पर्धी पाहायचे: कॅन्सस, कॅन्सस स्टेट, यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ), युटा. अ‍ॅरिझोना स्टेट ४-०, आयोवा स्टेट आणि बीवाययू ३-१, कोलोरॅडो २-२. पहिली जागा अ‍ॅरिझोना स्टेटला, तीही कॅन्ससमुळे. स्वतः ४-५ वर संपलेल्या या संघाने लागोपाठ तीन शनिवारी आयोवा स्टेट, बीवाययू आणि कोलोरॅडोला पाडलं होतं.

पहिली जागा भरली की उरलेल्या तिघांसाठी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. इथेच लोक घसरतात, आधीच्याच यादीत दुसरा कोण ते बघतात. तिघांचे सामाईक प्रतिस्पर्धी आता पाच होतात, बेलर वाढतो. कोलोरॅडो ३-२ ने गळतो. आयोवा स्टेट आणि बीवाययू ४-१. दोघांचेच मिळून पाहिले तर ह्यूस्टनही येतो आणि ५-१, ५-१. हरले तेही दोघे कॅन्ससकडूनच.

मग प्रत्येकाच्या नऊही प्रतिस्पर्ध्यांचे कॉन्फरन्समधले विजय मोजायचे. दुसरा खड्डा इथे आहे: कॅन्सस स्टेट-अ‍ॅरिझोना आणि बेलर-युटा हे त्या हंगामातले सामने दोन्ही संघ बिग १२ चे असूनही कॉन्फरन्सबाहेरचे होते, ते धरायचे नाहीत. बेरीज आली आयोवा स्टेट ३६, बीवाययू ३१. आयोवा स्टेट पुढे.

नियमाप्रमाणे चोख. पण मला ही पायरी पटत नाही. हंगामाआधी पत्रकारांनी पहिले पाच ठरवले होते युटा, कॅन्सस स्टेट, ओक्लाहोमा स्टेट, कॅन्सस आणि अ‍ॅरिझोना. बीवाययूच्या वाट्याला हे पाचही आले होते. म्हणजे कागदावर वेळापत्रक अवघड, पण त्या पाचांचे मिळून कॉन्फरन्समधले विजय झाले १३, त्यात ओक्लाहोमा स्टेटचा शून्य. बीवाययूचा कॅन्ससखेरीजचा पराभव पहिल्या आलेल्या अ‍ॅरिझोना स्टेटकडून, २८-२३ असा. आयोवा स्टेटचा ६-३ वाल्या टेक्सस टेककडून. कोणाकडून हरलात, हे ती बेरीज विचारतच नाही. सोळा संघांना नऊच सामने देणाऱ्यांनी हे आधी सोडवायला हवं होतं.

हंगामाआधी सोळावा धरलेला अ‍ॅरिझोना स्टेट ७ डिसेंबरला ४५-१९ ने विजेता झाला. वगळले गेलेले बीवाययू आणि कोलोरॅडो अलामो बोल या हंगामानंतरच्या सामन्यात समोरासमोर आले. बीवाययू ३६-१४ ने जिंकला, पण तो निकाल कॉन्फरन्सच्या तक्त्यात धरला जात नाही.