तिथं मी दादा होते

फोनवर बोलता बोलता आईला मागून कुणीतरी लहान पोर "दादा, दादा" ओरडताना ऐकू आलं आणि तिचा आवाजच बदलला. अगो, तिथे मुलगेपण राहतात की काय तुझ्याबरोबर? म्हटलं नाही गं आई, दादा मीच. स्वाहिलीत, म्हणजे टांझानियातल्या भाषेत, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, आणि मामा म्हणजे आई, त्यामुळे ज्या घरात मी राहत होते तिथल्या बाईंच्या मागे मी दिवसभर मामा मामा करत फिरायचे. बाबा तेवढे बाबाच. आई जरा वेळ गप्प आणि मग म्हणाली, बरं, तुझ्या मामाला नमस्कार सांग.

टांझानियातलं टांगा हे समुद्राकाठचं शहर, तिथे तीन महिने व्हॉलंटियर म्हणून शाळेत गणित शिकवायला गेले होते. आमचं घर श्रीवर्धनचं. निघताना अख्खी आळी "आफ्रिकेत? एकटी?" करत होती, आजी एकटीच शांत. म्हणाली, त्यात काय, मी हबसाणातच जन्मले की. खरंच आहे ते, १९४८ पर्यंत श्रीवर्धन जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानातच होतं, आणि सिद्दी म्हणजे मूळचे आफ्रिकेतले हबशी, म्हणून त्या मुलखाला हबसाण म्हणायचे.

पहिल्याच दिवशी घोळ घातला. शाळेत "सा म्बिली"ला जायचं असं मामा म्हणाली. म्बिली म्हणजे दोन एवढं मला येत होतं, म्हटलं चला दुपारपर्यंत वेळ आहे, आणि मस्त मागच्या अंगणात कपडे धुवायला बसले. मामा बाहेर येऊन बघते तर मी साबणाच्या फेसात. तिथे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात हो, आपले सात वाजले की त्यांचा एक, म्हणजे दोनला म्हणजे सकाळी आठला! ओल्या हातांनी धावत गेले. गणिताची बाई आणि घड्याळ कळत नाही. गणिताला ते हेसाबु म्हणतात, आपला हिशोबच.

घरात मात्र मला कुणी कामाला हात लावू देईना. झाडू उचलला की "पुम्झिका, पुम्झिका", बस, आराम कर. मदत करायला आलेली बाई चटईवर बसून चहा पितेय (त्याला तिथेही चायच म्हणतात) आणि आठ वर्षांची मुलगी पाण्याच्या बादल्या वाहतेय, इतकं ओशाळं वाटायचं ना. कपडेसुद्धा मी धुतलेले मामा गुपचूप परत धुवायची, मी बघितलंय. जेवताना सगळे खाली एकाच मोठ्या ताटाभोवती, त्याआधी धाकटी जग आणि घमेलं घेऊन एकेकाच्या हातावर पाणी घालत फिरायची. उगाली पहिल्यांदा खाल्ली तेव्हा म्हटलं ही तर मक्याची उकड, मोदक करायचा राहिलाय. खरं सांगायचं तर महिनाभर मला ती आवडली नाही.

माझी किंमत वाढली ती म्बुझीमुळे. म्बुझी म्हणजे नारळ खवायचं बुटकं लाकडी स्टूल, पुढे दातेरी लोखंडी जीभ, आपल्या विळीच्या खवणीची बहीणच म्हणा (की दादा). एका संध्याकाळी मामाला उशीर झाला, लाईट पण गेली होती, तिकडे मीटर प्रीपेड असतो आणि दुकानातून आणलेला वीस आकडी नंबर कोणीतरी टॉर्च धरून दाबत होतं. मी न विचारता बसले आणि कवड फिरवत फिरवत खवायला लागले. लहानपणी काळी पाठ खोबऱ्यात आली की आई वाडगा परत करायची, ती भीती हातात मुरलेली आहे. मामाने वाडग्यात बघितलं, पांढरंशुभ्र. मग एक चिमूट उचलून खाल्ली आणि शेजारणीला हाक मारली. दोघी बघत उभ्या.

त्या दिवसापासून रोजचे नारळ माझ्याकडे. पहिला घट्ट रस बाजूला, पातळ रसात घेवडा शिजवायचा आणि घट्ट शेवटी घालून ढवळत राहायचं, नाहीतर फुटतो. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. डोळे मिटून खाल्लं तर आपलं बिरडंच, फक्त वाल नाहीत आणि आमसूल नाही. आमसुलं मी बॅगेतून नेली होती, घातली एकदा, मुलांनी तोंडं वाकडी केली. मामाने मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

निघताना तिने नवी म्बुझी दिली. बॅगेचं वजन वाढलं म्हणून दोन ड्रेस तिथेच ठेवले. आता ती आमच्या पडवीत असते आणि आईला गुडघ्यांमुळे विळीपेक्षा तीच बरी पडते. म्बुझीचा दुसरा अर्थ शेळी, हे मी आईला सांगायला नको होतं. गणपतीत चुलत्यांकडचे सगळे आलेले आणि आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, अगो, माझी शेळी कुठाय, नारळ फोडून ठेवलेत! आत्या उठून गोठ्याकडे निघाल्या होत्या.