इथल्या 'टी'मध्ये चहा असेलच असं नाही

लीड्सला आलात आणि ऑफिसात कोणी विचारलं "व्हॉट्स फॉर टी?" तर चहा-बिस्किटं असलं काही सांगू नका, तो तुमच्या रात्रीच्या जेवणाची चौकशी करतोय. लीड्सच्या या यॉर्कशायरमध्येच नाही, उत्तर इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी टी म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाचं गरम जेवण, सॉसेज आणि कुस्करलेला बटाटा, पाय (pie, कणकेच्या पारीत भाजलेलं सारण) वगैरे. शेजारच्या आजी नातवाला हाक मारतात "टीज रेडी!" आणि ताटात फिश फिंगर्स. मग डिनर कधी? तर दुपारी! शाळेत मुलांना जेवण वाढणाऱ्या बायका म्हणूनच डिनर लेडीज. लंडनकडे दुपारी लंच आणि रात्री डिनर, त्यामुळे माणूस कुठला आणि कसल्या घरातला याचा अंदाज लोक यावरून बांधतात, तोंडावर बोलत नाहीत पण बांधतात (आपण आडनाव विचारतो ना, तसंच).

मूळ शब्द चिनी. लिहायचं अक्षर एकच, पण कँटनकडे उच्चार 'चा' आणि फुजियानकडे 'ते'. डच व्यापाऱ्यांनी 'ते' उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे आला, पोर्तुगीज कँटनजवळच्या मकाऊला होते म्हणून त्यांचा 'चा' घराण्यातला, आपला चहाही त्याच घराण्यातला. आणि गंमत बघा, इंग्लंडच्या दरबारात चहाची फॅशन आणली ती पोर्तुगीज राजकन्येने, कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झाने, 1662 मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून आली ती, जिच्या हुंड्यात आपली मुंबई दिली! राणी 'चा'वाली, पण प्रजेने शब्द डचांचाच ठेवला. पूर्वी उच्चारही 'टे' होता, कवी अलेक्झांडर पोपने अठराव्या शतकात टीचं यमक 'ओबे'शी (obey) जुळवलंय.

तेव्हा हे सगळं श्रीमंतांचंच होतं कारण चहावर कर 119 टक्के, त्यामुळे स्मगलिंग जोरात. 1784 मध्ये सरकारने तो साडेबारा टक्क्यांवर आणला आणि मग चहा हळूहळू गरिबाच्या घरातही रुळला. पुढे गिरण्या आल्या, कामगार दिवसभर राबून संध्याकाळी भुकेला घरी यायचा, त्याला गरम जेवण आणि सोबत किटलीभर चहा, त्या जेवणालाच टी म्हणायला लागले. उमराव बायकांचा आफ्टरनून टी म्हणजे चारच्या सुमाराला नाजूक सँडविच आणि केक, तो 1840 च्या आसपासचा, वेगळाच प्रकार. भारतातली हॉटेलं त्यालाच 'हाय टी' म्हणून विकतात, इथे हाय टी म्हणजे कामगारांचं ते पोटभर जेवण, त्यामुळे मला ती जाहिरात दिसली की हसू येतं.

बाकी टेस्ट मॅचमधला टी मात्र 20 मिनिटांचाच, तिथे भांडण नाही. कोणी घरी "कम राउंड फॉर टी" म्हणालं तर वेळ विचारा, सहा म्हणाले तर उपाशी जा, साडेतीन म्हणाले तर निघण्याआधी दोन पोळ्या खाऊन घ्या.