सेकंड लाइफमधली नवकंकरी: टेबल कुठवर आलं

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा पट नुसता मांडून ठेवलेला होता आणि सोंगट्या हाताने ओढाव्या लागत होत्या. आता टेबल स्वतः चाल ओळखतं, ओळ लागली की सांगतं आणि ज्याची पाळी नाही त्याला पटाला हात लावू देत नाही. दिवाळीपासून रविवारची बैठक याच टेबलावर भरतेय. इथे आपल्यासारखेच पट मांडणारे लोक वाचतात, म्हणून या वेळी कसं बसवलं तेही लिहितो आणि खेळातून काय हाती लागलं तेही.

नव्यांसाठी थोडक्यात. नवकंकरी म्हणजे एकात एक तीन चौकोन आणि त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या रेषा अशा पटावर दोघांनी नऊ-नऊ सोंगट्यांनी खेळायचा खेळ. आपल्या तीन सोंगट्या एका रेषेत आल्या की ‘ओळ’ लागते आणि समोरच्याची एक सोंगटी उचलता येते. सेकंड लाइफ हे लिंडन लॅबचं 2003 पासून चालू असलेलं आभासी जग. त्यात गुण नाहीत, पातळ्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. तिथलं घरदार, बाजार, नदी, जे दिसतं ते बहुतेक सगळं तिथल्या लोकांनीच बनवलेलं. वस्तू बनवायची, तिच्यात स्क्रिप्ट घालायची, की ती वस्तू वागायला लागते. बुद्धिबळाची टेबलं तिथे पुष्कळ आहेत, फाशांचे खेळही आहेत. नवकंकरी मला हवी तशी मिळाली नाही, म्हणून हा उद्योग.

नवकंकरी मोबाइलवरही खेळता येते, मग एवढा खटाटोप कशाला, असं आमच्या गटातल्या एका मुलीने सुरुवातीलाच विचारलं होतं. माझं उत्तर आजही तेच आहे. मोबाइलवर पट मिळतो, समोरचा माणूस मिळत नाही. मला ओटा हवा होता. दोघं खेळतायत, चौघं बघतायत, कुणी उठून जातंय, कुणी नवीन येऊन टेकतंय. आपल्याकडच्या लेण्यांमध्ये, गडांच्या पायऱ्यांवर, देवळांच्या फरशीवर असे पट कोरलेले सापडतात ते उगाच नाहीत. जिथे माणसं थांबायची, टेकायची, तिथेच पट आहेत. त्यामुळे टेबल बनवताना प्रत्येक ठिकाणी एकच कसोटी लावली: यामुळे बैठक चांगली होते का?

आधी पट. काळ्या पाषाणाचा पोत माझ्या मावशीच्या जुन्या नाशकातल्या वाड्यातल्या पायरीचा फोटो काढून घेतला. सोंगट्या दोन जातीच्या, एकीकडे चिंचोके आणि दुसरीकडे पांढऱ्या गारगोट्या. सिन्नरला गारगोटी संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या स्फटिकांची चमक माहीत असेल. तेवढी चमक मी ठेवलेली नाही. पटावर सोंगटी डोळ्यांत भरली पाहिजे, खुपायला नको.

आता मला सगळ्यांत आवडलेला भाग. पटावर घरं, म्हणजे सोंगटी बसायच्या जागा, 24. प्रत्येक घरासाठी टिचकी (क्लिक) घेणारी वेगळी पट्टी ठेवली असती तर 24 जादा वस्तू आल्या असत्या आणि जागेचा हिशेब वाढला असता. त्याऐवजी सगळा पट एकच पृष्ठभाग ठेवला. त्यावर टिचकी कुठे पडली हे स्क्रिप्टला आडवं-उभं असं 0 ते 1 मधल्या दोन आकड्यांत कळतं. नवकंकरीचे तिन्ही चौकोन 7 बाय 7 च्या जाळीत नेमके बसतात. म्हणून दोन्ही आकड्यांना 7 ने गुणायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा, की रांग आणि स्तंभ हातात. 49 खणांपैकी 24 खरी घरं, बाकीच्या खणांवरची टिचकी टेबल सोडून देतं. लिहायला दहा-बारा ओळी, पण पहिल्यांदा चिंचोका बरोबर कोपऱ्यात जाऊन बसला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

ओळ ओळखणंही वाटलं त्याहून सोपं निघालं. पटावर तीन घरांच्या ओळी एकूण 16, आणि कुठलंही घर घ्या, ते बरोबर दोनच ओळींत येतं, एक आडवी आणि एक उभी. म्हणजे प्रत्येक चालीनंतर सगळा पट तपासायची गरज नाही. सोंगटी जिथे आली त्या घराच्या दोन ओळी बघायच्या, काम संपलं.

वेगाबद्दल एक गोष्ट स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. सोंगटी हलवायच्या जुन्या आज्ञेत दर वेळी 0.2 सेकंदांचा सक्तीचा थांबा आहे. एका चालीला तो जाणवत नाही. डाव संपल्यावर 18 सोंगट्या परत डब्यात न्यायच्या म्हणजे साडेतीन सेकंदांच्या वर गेले, आणि तेवढ्यात कुणीतरी पुन्हा टिचकी मारतोच. ‘फास्ट’ने संपणारी जी जोडवस्तूंची आज्ञा आहे तिच्यात हा थांबा नाही. ती वापरल्यापासून पट एका झटक्यात साफ होतो.

मराठीचं म्हणाल तर बटणांनी चांगलाच विचार करायला लावला. टेबलाला हात लावला की जी चौकट उघडते तिच्यातल्या एका बटणावर 24 बाइट मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे आठ चिन्हं. ‘राजीनामा’ हा शब्द बरोबर आठ चिन्हांचा, काठोकाठ बसला. ‘चाल मागे’ 22 बाइटांत आलं, ‘नवा डाव’ आणि ‘बरोबरी’ आरामात. ‘बरोबरी मान्य’ मात्र मावत नाही, म्हणून तिथे नुसतं ‘मान्य’ ठेवलं आणि पूर्ण वाक्य चौकटीच्या वरच्या मजकुरात घातलं. टेबलाच्या डोक्यावर तरंगणाऱ्या अक्षरांनाही 254 बाइटांची मर्यादा आहे, म्हणून तिथे फक्त पाळी कुणाची तेवढं येतं. नियमांचा फलक चित्र म्हणून चढवला, त्याचे 10 लिंडन डॉलर (तिथलं चलन) लागले. मराठी बटणं हवीतच होती. पंचवटीतले आमचे काका इंग्रजी चौकट उघडली की टेबलावरून उठायचे, आता स्वतःहून नवीन माणसाला बटणं समजावून सांगतात.

खुर्चीत बसलं की नजर आपोआप पटावर वरून जाते. खुर्चीच्या स्क्रिप्टमध्ये कॅमेऱ्याची जागा आधीच ठरवून ठेवता येते. अगदी डोक्यावरून बघितलं तर पट कागदासारखा सपाट दिसतो आणि समोरचा माणूस नाहीसा होतो. म्हणून मी नजर तिरकी ठेवली आहे. पलीकडची ओळ थोडी लहान दिसते, पण समोर कोण बसलंय ते दिसतं. ज्याला अचूक बघायचंय तो कॅमेरा स्वतः हलवू शकतोच.

बघणाऱ्यांच्या बाकांवर माझा जास्त वेळ गेला. सेकंड लाइफमध्ये टाइप केलेलं बोलणं 20 मीटरपर्यंत ऐकू जातं, कुजबुज 10 मीटर आणि ओरडून बोललं तर 100 मीटर. कॅमेरा मात्र लांबून नेऊन पटाजवळ आणता येतो. म्हणून बाक टेबलापासून 25 मीटरवर, पिंपळाच्या पाराभोवती लावले. बघणाऱ्यांना पट स्पष्ट दिसतो, त्यांची आपसातली चर्चा रंगते आणि त्यातला एक शब्दही खेळणाऱ्यांपर्यंत पोचत नाही. ‘अरे, चौफुली सोडली त्याने!’ (चौफुली म्हणजे पटावरचं मोक्याचं घर, पुढे सांगतो) असं पारावर कुणी लिहिलं तरी खेळणारा शांत बसलेला असतो. आवाजाने बोलायची सोय मात्र याहून लांब पोचते, म्हणून डाव चालू असताना माइक बंद, हा नियम सगळ्यांनी आनंदाने पाळलाय.

नियम किती स्क्रिप्टने सांभाळायचे आणि किती माणसांनी, यावर गटात खूप बोलणं झालं. मी ठरवलं ते असं. पाळी, घर रिकामं आहे का, ओळ लागली का, मारलेली सोंगटी ओळीत तर नव्हती ना, हे टेबल बघतं. घड्याळ नाही. चाल मागे घ्यायची तर समोरच्याने ‘मान्य’ दाबलं पाहिजे, टेबल त्यात पडत नाही. उदारपणा कुणी दाखवायचा हे माणसांनीच ठरवायला हवं. तीन सोंगट्या उरल्यावर कुठल्याही घरी उडी मारता येते की नाही, यावर प्रत्येकाच्या घरचा नियम वेगळा, म्हणून तिथे बटण दिलंय आणि डाव सुरू होण्याआधी दोघांनी ठरवायचं. पैसे लावायची सोय टेबलात मुद्दाम नाही. सेकंड लाइफमध्ये जुगारावर 2007 मध्येच बंदी आली आणि 2014 पासून पैसे लावून खेळायच्या कौशल्याच्या खेळांनाही परवाना आणि ठरलेला प्रदेश लागतो. तसं नसतं तरी मी पैसे ठेवले नसते.

आता खेळाकडे येतो.

नवकंकरी शिकलेला माणूस सुरुवातीला ओळ लावायला धावतो. नऊ-नऊ सोंगट्या मांडायच्या पहिल्या टप्प्यात लवकर ओळ लागली की समोरची एक सोंगटी जाते, त्यामुळे ते बरोबरच वाटतं. पण घरं सारखी नाहीत. कोपऱ्यातून दोनच वाटा निघतात. बाहेरच्या आणि आतल्या चौकोनाच्या बाजूंच्या मध्यावरून तीन. मधल्या चौकोनाच्या चार मध्यांवरून मात्र चार-चार वाटा निघतात. त्या चार घरांना आम्ही चौफुल्या म्हणतो. मांडणीत चौफुल्या ज्याच्या हाती, त्याला पुढे हलायला जागा मिळते, आणि जो हलू शकत नाही तो सोंगट्या शिल्लक असतानाही हरतो.

हे मला खऱ्या अर्थाने काकांच्या एका डावात दिसलं. समोर पुण्याचा एक तरुण होता, हिशेबाला पक्का. त्याने मांडणीतच बाहेरच्या चौकोनाची वरची बाजू पूर्ण केली, दोन्ही कोपरे आणि मधलं घर, आणि काकांची एक सोंगटी उचलली. पारावर सगळ्यांनी डाव त्याचा धरला. काकांनी काही लिहिलं नाही. पुढच्या तीन सोंगट्या त्यांनी अशा ठेवल्या: एक त्या बाजूच्या मध्याखालच्या चौफुलीवर, एक बाहेरच्या चौकोनाच्या डाव्या मध्यावर, एक उजव्या मध्यावर. आता पट डोळ्यांसमोर आणा. डावा कोपरा फक्त खाली डाव्या मध्याकडे सरकू शकतो, तिथे काका. उजव्याचं तसंच. मधली सोंगटी खाली चौफुलीकडेच जाऊ शकते, तिथेही काका. तीन सोंगट्यांनी तीन सोंगट्या जागच्या जागी खिळवल्या. लागलेली ओळ उघडून पुन्हा लावता आली तरच तिचा उपयोग, आणि ती उघडणारच नव्हती.

तरुणाकडे नऊ सोंगट्या होत्या, पण हलणाऱ्या सहाच. काकांकडे आठ, त्यातल्या तीन राखणीला आणि पाच मोकळ्या. काकांनी घाई अजिबात केली नाही. मोकळ्या पाचांतली एकेक पुढे सरकवत ते समोरच्याची वाट अरुंद करत गेले. तो दुसरी ओळ लावून राखणीतली एक सोंगटी उचलू शकला असता तर कोंडी फुटली असती. काकांचं सगळं लक्ष तिथेच होतं. शेवटी त्याला चालच उरली नाही. ‘काका, हे कुठे शिकलात?’ असं त्याने विचारलं. काकांनी लिहिलं, ‘आजीकडे. ती कोळशाने पायरीवर पट काढायची. तुझी मांडणी चांगली होती, बाळा, फक्त पहिली ओळ थोडी उशिरा लाव.’ त्यानंतर दोघं बराच वेळ तोच डाव उलट-सुलट मांडत बसले आणि पारावरचे सगळे टेबलाजवळ आले. एवढ्यासाठीच हे टेबल बनवलं होतं.

त्या डावापासून गटाच्या खेळात फरक पडलाय. आता चौफुल्यांसाठी चढाओढ होते आणि पहिली ओळ बहुतेक डावांत मांडणी संपत आल्यावरच लागते. दुहेरी ओळीवरही काम चालू आहे. एकच सोंगटी दोन घरांमध्ये ये-जा करते, दोन्हीकडे ओळ लागते, म्हणजे प्रत्येक चालीला समोरची एक सोंगटी जाते. ती एकदा जमली की डाव वाचवणं फार कठीण, म्हणून ती जमण्याआधी दोन चाली ओळखणं हाच खरा अभ्यास.

राल्फ गासर यांनी 1993 मध्ये संगणकाने हा खेळ पूर्ण सोडवला आणि दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो हे दाखवलं. आमच्यातल्या एकाला हे कळल्यावर तो थोडा हिरमुसला. मला मात्र त्याने बरं वाटलं. पट कुणाच्याही बाजूने झुकलेला नाही, पहिल्या चालीचा फायदा पुरत नाही. जो हरतो तो समोर बसलेल्या माणसाकडून हरतो.

गटातल्या धुळ्याच्या ताईंनी कोपऱ्यांतून तिरक्या रेषा असलेला पट मागितला आहे, त्यांच्या घरी तसाच काढायचे. तिरक्या चार रेषांनी ओळी 16 च्या 20 होतात आणि मधल्या चौकोनाच्या कोपऱ्यांनाही चार वाटा मिळतात. चौफुल्यांची मक्तेदारी तिथे संपते, म्हणून आमचं वरचं सगळं शिक्षण त्या पटावर पुन्हा तपासावं लागेल. पटाचं चित्र तयार आहे, ओळींची यादी वाढवायची आहे.

त्यानंतर वाघबकरी. 25 घरं, 4 वाघ, 20 बकऱ्या हा नेपाळकडचा बाघचाल धरून पाया घालतोय. आपल्याकडे गावागणिक पट आणि बकऱ्यांची संख्या बदलते, म्हणून ती संख्या डाव मांडतानाच ठरवता येईल असं करणार आहे. उडी मारून बकरी खायची चाल ओळखणं बाकी आहे, कारण तिथे दोन टिचक्यांमधलं घरही तपासावं लागतं. तुमच्याकडे वाघबकरी कशी खेळतात, वाघाला एका चालीत दोन उड्या चालतात का, हे कळवलंत तर बटण आत्ताच ठेवतो.

बैठक रविवारी रात्री साडेआठला. थंडीत ते सेकंड लाइफच्या घड्याळाचे सकाळचे सात. मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं पुढे जातात, तेव्हा तिथे आठ वाजलेले दिसतील. आपण भारतीय वेळच धरायची.